वाघ, ड्रॅगन आणि शरभ : झुंजणाऱ्या प्राण्यांच्या प्रतिमा इतिहासात कशा वाचाव्यात?

वाघ आणि ड्रॅगन ही जोडी तुमच्यापैकी बहुतेकांना चित्रपटांमुळे माहीत असेल. आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा २००० सालचा चित्रपट वांग दुलू यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्याचे नाव एका जुन्या चिनी वाक्प्रचारातून आले आहे. दडून बसलेला वाघ आणि लपलेला ड्रॅगन म्हणजे जिथे गुणी माणसे कोणाच्या नजरेत न येता वावरतात अशी जागा. चित्रपटातल्या तरुण नायिकेच्या मूळ चिनी नावात ड्रॅगन आहे आणि तिच्या प्रियकराच्या नावात वाघ. म्हणजे कथेतले वाघ आणि ड्रॅगन शत्रू नाहीत, ती प्रेमिकांची जोडी आहे.

या घटकात आपण एक साधा प्रश्न घेणार आहोत. कथेत, चित्रात किंवा दगडावर दोन प्राणी एकमेकांसमोर उभे केलेले दिसले, तर त्यांतला कोणता प्राणी म्हणजे कोण, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कशावरून ठरवायचे? प्रश्न साधा असला तरी उत्तर देताना भलेभले घसरतात. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर याची उत्तम उदाहरणे आहेत, म्हणून आपला मुख्य मुक्काम तिथे असेल.

जोडी आणि झुंज

चीनमध्ये वाघ-ड्रॅगनची जोडी फार जुनी आहे. हनान प्रांतातील पुयांग येथे १९८७ साली नवाश्मयुगीन दफने सापडली. त्यांतल्या एका सांगाड्याच्या एका बाजूला शिंपल्यांनी मांडलेला ड्रॅगन होता, तर दुसऱ्या बाजूला वाघ. ही मांडणी सहा हजार वर्षांहून जुनी आहे. पुढे चिनी खगोलविद्येत ड्रॅगन पूर्व दिशेचा आणि वाघ पश्चिम दिशेचा रक्षक ठरला. ड्रॅगनबरोबर ढग आणि पाणी आले, वाघाबरोबर वारा. जपानी चित्रकारांनी पडद्यांच्या जोड्यांवर एकीकडे ढगांतून उतरणारा ड्रॅगन आणि दुसरीकडे वर मान करून पाहणारा वाघ असंख्य वेळा रंगवला. या चित्रांत कोणीही कोणाला खाली पाडत नाही. दोघे तुल्यबळ असतात, आणि एक नसेल तर दुसरा अपुरा वाटतो. झुंज आहे, पण निकाल नाही.

आता आपल्याकडे पाहा. भारतात ड्रॅगन नाही. इराणी चित्रकलेबरोबर ‘अज़दहा’ मोगल चित्रांत आला, पण तो लोककथेत मुरला नाही. वैर मात्र आपल्याकडे भरपूर आहे. साप-मुंगूस आणि मांजर-उंदीर या जोड्या तर व्याकरणातही जाऊन बसल्या. ज्या प्राण्यांचे वैर कायमचे आहे त्यांच्या नावांचा समास एकवचनी होतो, असा स्वतंत्र नियम पाणिनीने दिला आहे. ‘अहिनकुलम्’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मला हा नियम फार आवडतो, कारण भांडणाऱ्या दोघांना भाषेने एकाच शब्दात बांधून टाकले आहे.

आपल्या शिल्पांतल्या झुंजीचा स्वभाव मात्र चिनी जोडीहून वेगळा आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा निकाल लागलेला असतो. एक वर असतो, दुसरा खाली. कोणार्कच्या नाटमंडपाच्या पायऱ्यांपाशी सिंह हत्तीला दाबतो आहे आणि हत्तीच्या खाली माणूस आहे. होयसळांच्या मंदिरांवर सळ नावाचा वीर एका हिंस्र पशूशी लढताना दिसतो. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या मंदिरांवर व्याल नावाचे काल्पनिक पशू हत्तींवर चढलेले आहेत. निकाल आधीच लागलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला लगेच विचारावेसे वाटते, ‘हा हरलेला कोण?’ घसरण इथूनच सुरू होते.

कुत्र्यापासून शरभापर्यंत

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर दिसणाऱ्या सिंहासारख्या पशूला आज सर्रास ‘शरभ’ म्हटले जाते. या नावामागे मोठी वाटचाल आहे. पाली जातककथांत शरभ हा एक हरिण आहे. त्याची शिकार करायला धावलेला राजा खड्ड्यात पडतो, तेव्हा हा शरभच त्याला बाहेर काढतो. महाभारतात मात्र शरभ हा आठ पायांचा, सिंहालाही मारणारा रानटी पशू होतो. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. बिबट्या त्याच्यावर चालून येतो तेव्हा ऋषी त्याला बिबट्या करतो. मग वाघ येतो तेव्हा वाघ करतो, पुढे हत्ती, मग सिंह आणि शेवटी शरभ. शरभ झाल्यावर तो ऋषीलाच खायला निघतो आणि ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करून टाकतो. हितोपदेशातली ‘पुनर्मूषको भव’ ही उंदराची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. ती याच घराण्यातली. भीष्म ती सांगतात ते नोकर कोणत्या पदावर नेमावा या विषयात. थोडक्यात, प्राण्यांची ही उतरंड प्राणिशास्त्राची नसून दरबाराची आहे.

पुराणांत या उतरंडीला पंथांचा रंग चढतो. विष्णूच्या नरसिंह अवताराने हिरण्यकशिपूला मारल्यावरही त्याचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाने शरभरूप घेऊन त्याला आवरले, अशी कथा लिंगपुराण आणि शिवपुराण सांगतात. वैष्णव परंपरेने ही कथा मान्य केली नाही. त्यांच्याकडे नरसिंहाने दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याचे रूप घेऊन शरभालाच फाडले, अशी पुढची कथा आली. कथेच्या दृष्टीने पाहा, प्रत्येक बाजू आधीच्या विजेत्यापेक्षा मोठा प्राणी घेऊन येते. लहान मुलांच्या ‘माझे बाबा तुझ्या बाबांपेक्षा मोठे’ या भांडणासारखेच हे आहे, फक्त मागे मठ, मंदिरे आणि राजाश्रय होता. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर आणि त्रिभुवनमच्या कंपहरेश्वर या चोळकालीन मंदिरांत शरभमूर्ती आहेत. तिथे शरभ ही देवता आहे, तिची पूजा होते.

महाराष्ट्रात या पंथभांडणाची धार फारशी टिकली नाही, असे मला वाटते. इथे नरसिंह अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे, नीरा नरसिंहपूरसारखी त्याची मोठी क्षेत्रे आहेत, आणि खंडोबा, महादेवही त्याच घरांत पुजले जातात. विठोबाने मस्तकावर शिवलिंग धारण केले आहे अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कट्टर शिवभक्त नरहरी सोनारांना विठ्ठलात शिव दिसल्याची कथा कीर्तनांत आजही रंगते. अशा मुलखात शरभ देवळाच्या गाभाऱ्यात गेला नाही. तो गेला किल्ल्याच्या दरवाजावर.

दरवाजावरचा पशू

किल्ल्याचा दरवाजा ही साधी वाट नसते. वर्षातून कित्येकदा सरदार, वकील, व्यापारी, कैदी तिथूनच आत जातात. त्यामुळे सत्ताधीशाला जे सांगायचे ते कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेले असते. कुठे कमळे, कुठे गणपती, कुठे फारसी शिलालेख आणि कुठे हा पशू : सिंहाचे अंग, वटारलेले डोळे, उगारलेली शेपटी, कधी पंख, आणि पंजांत एक वा अनेक हत्ती. हत्ती इतके लहान कोरलेले असतात की ते पकडलेल्या उंदरांसारखे दिसतात. आठ पाय जवळजवळ कुठेच नसतात. म्हणून ग्रंथांतला शरभ आणि दरवाजावरचा शरभ एकच, असे समजून चालू नका. ‘शरभ’ हे नाव आपण सोयीसाठी वापरतो. कोरणाऱ्या पाथरवटाने आणि कोरवून घेणाऱ्या किल्लेदाराने त्याला त्याच नावाने हाक मारली असेल असे नाही.

आता तीन ठिकाणे पाहू.

पहिले रायगड. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी इथे झाला. राजसभेत जाताना नगारखान्याची जी भव्य कमान लागते, तिच्या दर्शनी भागावर हत्तींना पंजात धरलेले शरभ आहेत. त्यांचा अर्थ सांगताना गडावर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात एक ठरावीक वाक्य असते. शरभ म्हणजे स्वराज्य आणि हत्ती म्हणजे आदिलशाही, कुतुबशाही, निजामशाही आणि मोगल.

दुसरे जंजिरा. मुरूडजवळच्या समुद्रातला सिद्दींचा हा जलदुर्ग शिवाजी महाराजांना आणि पुढे संभाजी महाराजांनाही घेता आला नाही. होडी मुख्य दरवाजाला लागली की बाजूच्या भिंतीवर वाघासारखा एक पशू दिसतो. त्याने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. इथले वाटाडे सांगतात की हा पशू म्हणजे सिद्दी, आणि तो आजूबाजूच्या सत्तांना बजावतो आहे, ‘तुम्ही हत्ती असाल, पण मी शेर आहे.’

तिसरे ठिकाण विदर्भात, चिखलदऱ्याजवळ : गाविलगड. वऱ्हाडची इमादशाही पंधराव्या शतकाच्या शेवटी फतहुल्ला इमादुल्मुल्क याने स्थापन केली. फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या हिंदू घरातला. बहमनी फौजेने लहानपणीच त्याला कैद करून आणले आणि तो वऱ्हाडात वाढला. या किल्ल्याच्या दरवाजावर सिंह आहेत, खजुरीची झाडे आहेत आणि हत्ती धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. गंडभेरुंड कन्नड मुलखात जुना. बळ्ळिगावी येथे १०४७ सालचा गंडभेरुंडाचा स्तंभ उभा आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर हाच पक्षी चोचींत आणि पंजांत हत्ती घेऊन उडतो. वैष्णव कथेत ज्याने शरभाला फाडले तो पक्षी इथे एका मुसलमान सुलतानाच्या दरवाजावर सिंहाच्या शेजारी निवांत बसला आहे. दोघांत कसलेच वैर दिसत नाही.

मग हत्ती कोण?

रायगड आणि जंजिरा एकमेकांचे कट्टर वैरी. मराठे-सिद्दी संघर्ष पिढ्यान्‌पिढ्या चालला. तरीही दोन्ही दरवाजांवर एकच पशू आहे आणि दोन्हीकडे त्याच्या पंजात हत्तीच आहेत. शरभ म्हणजे ‘स्वराज्य’ असा अर्थ प्रतिमेतच असता, तर सिद्दीने तो आपल्या दारावर कशाला कोरला असता? शरभ म्हणजे ‘सिद्दी’ असता, तर महाराजांच्या राजसभेच्या दारावर तो कसा आला असता?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १६८९ मध्ये रायगड मोगलांकडे गेला आणि नंतर सिद्दीच्या ताब्यात दिला गेला. १७३३ साली मराठ्यांनी तो परत मिळवला. म्हणजे दोन पिढ्यांच्या आसपास ज्या लोकांना आपण ‘पंजातले हत्ती’ समजतो, तेच किंवा त्यांचे मित्र त्या कमानीखालून ये-जा करत होते. शरभ फोडले गेले नाहीत. ते आजही जागेवर आहेत. त्या शिल्पात आपला अपमान आहे असे त्यांना वाटले असते, तर छिन्नी-हातोडा काही दुर्मीळ नव्हता.

रायगडाच्या ‘चार शाह्या’ या अर्थात एक कालक्रमाची अडचणही आहे. निजामशाही १६३६ सालीच संपली होती. राज्याभिषेकाच्या वेळी तिला संपून अडतीस वर्षे झाली होती. मेलेल्या शत्रूला पंजात धरून दाखवण्यात काय पराक्रम? हत्तींची संख्या मोजायची आणि तितक्या सत्ता शोधून आणायच्या, ही पद्धत मुळातच उलटी आहे. असे केले तर पाच हत्तींसाठी पाच आणि सहांसाठी सहा शत्रू कोणालाही सापडतील.

हीच चूक कर्नाटकातही झालेली आहे. होयसळांच्या चिन्हातला वीर ज्या पशूला मारतो तो वाघ आहे, वाघ हे चोळांचे चिन्ह, आणि विष्णुवर्धनाने १११६ च्या सुमारास तलकाड चोळांकडून घेतले. म्हणून हे चिन्ह त्या विजयाचे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. जुळणी छान आहे. पण ज्या सळाच्या कथेवर हे चिन्ह उभे आहे त्याच्याशी जोडलेले ‘पोय्सळ’ हे नाव तलकाडच्या आधीच्या लेखांतही येते. म्हणजे कथा नंतरची धरली तरी नाव आधीचे राहते, आणि त्या विजयावर सगळा अर्थ टांगता येत नाही.

आता हत्तीकडे दुसऱ्या बाजूने पाहू. ही टिपणे वाचणारे बरेच जण महाराष्ट्राबाहेरचे असतील. समजा तुम्ही जयपूरला शास्त्रीनगरात राहता. सुट्टीच्या दिवशी जुन्या शहरात सिटी पॅलेसला जा. तिथल्या राजेंद्र पोळीच्या दोन बाजूंना संगमरवराचे दोन हत्ती उभे आहेत. ते कोणाच्या पंजात नाहीत, येणाऱ्याचे स्वागत करत आहेत. बुंदीच्या हाथी पोळीवर दोन हत्ती सोंडा उंचावून कमान करून उभे आहेत. ग्वाल्हेर आणि फतेपूर सिक्रीतही हाथी पोळ आहे. या दरवाजांवरचा हत्ती म्हणजे राजाचे ऐश्वर्य. आमेरच्या महालात सिंह पोळही आहे. मात्र तिथे सिंहाने हत्तीला मारलेच पाहिजे अशी काही अट नाही. एकाच राज्यात दोन्ही प्राणी आपापल्या दारावर मानाने राहतात.

इतके लांब जायचीही गरज नाही. महाराष्ट्रातच देवळाच्या गणेशपट्टीवर गजलक्ष्मी बघा. दोन हत्ती सोंडांनी लक्ष्मीवर पाणी घालत आहेत. तोच हत्ती इथे मंगल आहे आणि किल्ल्यावर पंजात अडकलेला. तेव्हा ‘हत्ती म्हणजे अमुक’ असा कोश करता येत नाही. किल्ल्याच्या दारावरचा हत्ती, माझ्या मते, बळाचे माप आहे. मध्ययुगीन लष्करात हत्ती ही सर्वांत अवजड आणि महागडी ताकद होती. दरवाजा फोडायलाही हत्तीच आणत, म्हणून दाराला अणकुचीदार खिळे मारत. तोच दरवाजा वरच्या शिल्पातून सांगतो, ‘हत्तीलाही इथे दाद मिळणार नाही.’ हे म्हणायला कोणाही किल्लेदाराला शत्रूचे नाव घ्यावे लागत नव्हते. म्हणूनच हे शिल्प सगळ्यांना चालले.

सरजा आणि शर्जाखान

शब्दांचा पुरावा शिल्पाच्या पुराव्याला कसा जोड देतो, त्याचे एक सुंदर उदाहरण बिदरला आहे. तिथल्या किल्ल्याला शर्झा दरवाजा आहे. फारसीत ‘शर्झा’ म्हणजे क्रुद्ध, हिंस्र; हे विशेषण सिंहाला लागते. दरवाजावर तसे दोन पशू कोरलेले आहेत, म्हणून हे नाव. हा शब्द दख्खनमध्ये किताब बनला. आदिलशाहीत ‘शर्जाखान’ हा किताब मिरवणारे सरदार होते. मराठीत तो ‘सर्जा’ झाला, ‘सर्जेराव’ झाला, आणि आज तो बैलपोळ्याला सजवलेल्या बैलाच्या नावात सापडतो. सर्जा-राजाची जोडी कुणाला माहीत नाही?

आणि महाराजांच्या दरबारी आलेला ब्रजभाषेचा कवी भूषण? तो महाराजांना वारंवार ‘सरजा’ म्हणतो. म्हणजे आदिलशाही सरदाराला जो मान दिला जात होता, तोच मान, त्याच शब्दात, भूषण महाराजांना देतो. भूषणाच्या सर्वांत प्रसिद्ध कवित्तात वैऱ्यांच्या जोड्यांची माळ आहे. त्यात इंद्र आणि जंभासुर आहेत, राम आणि रावण आहेत, तसे हत्ती आणि सिंहही आहेत. इथे कवी नाव घेऊन सांगतो की तसाच महाराजांचा दरारा त्यांच्या शत्रूंवर आहे. कवितेत सिंह कोण आणि हत्ती कोण हे ठरलेले आहे, कारण कवीने ते लिहिले आहे. नगारखान्यावरच्या शिल्पाखाली तसे काही लिहिलेले नाही. रायगडाच्या दारातून जाणाऱ्या एखाद्या ब्रज जाणणाऱ्याला शिल्प पाहून भूषण आठवला असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण शक्यता आणि पुरावा यांतले अंतर तुम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही राखले पाहिजे.

या भेदावर इतका भर देण्याचे कारण आहे. ‘हत्ती म्हणजे चार शाह्या’ हे वाक्य फार पटकन ‘हत्ती म्हणजे मुसलमान’ असे होते. गाविलगडचा सुलतान आणि जंजिऱ्याचा सिद्दी हाच पशू आपल्या दारावर लावून होते, हे माहीत असेल तर ते वाक्य तिथेच अडते. माहीत नसेल तर एका दगडी शिल्पावर शतकांचे भांडण रचता येते. शिवनेरीच्या सात दरवाजांतून चढणाऱ्या आजच्या पर्यटकाला तिथल्या शरभांविषयी काय सांगितले जाते, ते एकदा लक्ष देऊन ऐका.

कादंबरीतला सिंह

प्रतिमा दगडातून कथेत गेली की ती आणखी बळकट होते. कोंढाणा घेताना ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले. गड आला पण सिंह गेला, म्हणून महाराजांनी गडाला सिंहगड नाव दिले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने ती घरोघर नेली आणि हरि नारायण आपट्यांच्या १९०३ सालच्या कादंबरीने तिला शीर्षकातच बसवले. मात्र ‘सिंहगड’ हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांत मिळते. तेव्हा नाव आधीचे आहे आणि कथा त्या नावाला नंतर चिकटली.

याने तानाजींचा पराक्रम कमी होत नाही. त्यांची लढाई आणि मृत्यू हा इतिहास आहे. नावाची उपपत्ती हा साहित्याचा भाग आहे. या कथेत जयपूरच्या वाचकालाही एक धागा सापडेल. कोंढाणा मोगलांकडे गेला तो १६६५ च्या पुरंदरच्या तहाने, आणि तो तह घडवणारे सेनापती आमेरचे मिर्झाराजे जयसिंह. गडाचा मोगल किल्लेदार उदेभानही राजपूत. पोवाड्यात ‘सिंह’ एकाच बाजूला आहे, पण समोरच्या बाजूच्या राजाच्या नावातच सिंह आहे. कथेला ही अडचण वाटत नाही. कथाकार आपला सिंह निवडतो आणि पुढे जातो. इतिहासकाराला दोन्ही सिंह मोजावे लागतात.

शत्रूचा प्राणी हरवायचा असेल तर काय करायचे, याचा सर्वांत उघड नमुना ईस्ट इंडिया कंपनीने घालून दिला. टिपू सुलतानाने वाघ हे आपले चिन्ह केले होते. सिंहासन, तोफा, शिपायांचे कपडे, सगळीकडे वाघ किंवा त्याचे पट्टे. इंग्रजाच्या छाताडावर बसलेला त्याचा लाकडी यांत्रिक वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि कंपनीने आपल्या सैनिकांसाठी जे पदक काढले, त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबताना दाखवला. या शिल्पात कोण कोण आहे याबद्दल शंका नाही, कारण त्यावर तारीख आहे, प्रसंग आहे आणि मागच्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला आहे. गंमत पाहा. पदकावरच्या निशाणावर ‘असदुल्लाह अल-ग़ालिब’, म्हणजे ‘ईश्वराचा सिंह विजयी आहे’, असे अरबी शब्द आहेत. हेच शब्द वाघाच्या तोंडाच्या आकारात गुंफून टिपू आपल्या शस्त्रांवर वापरत असे. कंपनीने त्याचा प्राणी तर हरवलाच, त्याचे ब्रीदही सिंहाच्या बाजूला ओढून घेतले.

हे पदक आणि जंजिऱ्याचे शिल्प शेजारी ठेवा. पदकाला आपण एका लढाईशी जोडू शकतो, शिल्पाला नाही. फरक प्रतिमेत नाही, दोन्हीकडे एक पशू दुसऱ्यावर चढलेला आहे. फरक सोबतच्या मजकुरात, तारखेत आणि ती प्रतिमा कोणाच्या हाती द्यायची होती यात आहे.

गंडभेरुंड आणि शरभ यांची भेट आज कुठे होते, हेही पाहून ठेवा. गंडभेरुंड म्हैसूरच्या वडियार राजांचे चिन्ह झाला आणि तिथून कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर आला. त्या मुद्रेत पक्ष्याच्या दोन बाजूंना सिंहाचे अंग आणि हत्तीची सोंड असलेले दोन पशू त्याला आधार देऊन उभे आहेत. त्यांना सर्वसाधारणपणे शरभच म्हणतात. पुराणात एकमेकांना फाडणारे दोघे सरकारी कागदाच्या माथ्यावर एकत्र नोकरीला आहेत, आणि सिंह-हत्ती तर एकाच शरीरात राहायला आले आहेत.

स्वाध्याय

आपल्या गावाजवळचा किल्ला, वाडा, मंदिर किंवा जुना दरवाजा निवडा. त्यावर कोरलेल्या प्राण्यांची नोंद करा. कोणता प्राणी वर आहे, कोणता खाली, की दोघे समोरासमोर आहेत? त्याच्याजवळ लेख आहे का, तो कोणत्या लिपीत आहे? वास्तू कोणी बांधली आणि पुढे कोणाकोणाच्या ताब्यात गेली, याची यादी करा. मग तिथल्या वाटाड्याला किंवा वयस्कर माणसाला त्या प्राण्याचा अर्थ विचारा आणि तो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शेवटी तो अर्थ त्या वास्तूच्या आधीच्या आणि नंतरच्या मालकांना कितपत मान्य झाला असता, यावर दोनशे शब्दांत लिहा.